मींडेची कमान

रेवतीताई काणकोणकरांच्या घराण्यात जोगिया कसा उतरतो, हे आता जगात दोनच माणसांना ठाऊक होते. एक स्वतः ताई. त्यांचा गळा गेला होता. दुसरा त्यांचा शिष्य तन्मय आठल्ये. त्याला तो राग गायची परवानगी अजून मिळालेली नव्हती.

त्या घराण्याची रीतच तशी होती. जोगिया मैफलीत मांडायचा नाही, ध्वनिमुद्रित करायचा नाही, कागदावर उतरवायचा नाही. गुरूंच्या पुण्यतिथीला, उजाडता उजाडता, मिरजेतल्या त्या घराच्या मागच्या खोलीत दार लावून ताई तो गात आणि शिष्याने तो नुसता ऐकायचा. तन्मयला ताईंनी बाकी सगळे हातचे राखून न ठेवता दिले होते. जोगिया तेवढा दिला नव्हता. तो मागणाऱ्यांतला नव्हता. तंबोरा जुळवावा, मागे सरकावे, भिंतीला पाठ टेकावी आणि वाट बघावी, एवढेच त्याला आयुष्यात नीट जमले होते.

त्या रागात एक जागा होती. वरच्या षड्जावरून कोमल धैवतावर येणारी मींड. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर पाऊल न उचलता जाणे. मधली सगळी वाट पायाखालून गेली पाहिजे. ताई त्या षड्जावर इतका वेळ थांबत, की ऐकणाऱ्याला वाटावे, आता या इथून हलत नाहीत. मग स्वर सुटे. निषादाच्या दारावरून तो मान न वळवता निघून जाई आणि धैवताच्या केसभर वर येऊन मंदावे. पोहोचायचेच नाही, असे ऐनवेळी मनात आल्यासारखा. मग पोहोचे. त्यात रडणे नव्हते. ताईंचे गुरू म्हणत असत, "जोगियात ज्याला रडू येतं त्यानं बाहेर जाऊन रडावं, आणि मग येऊन गावं."

ही मींड कुठेही साठवलेली नव्हती. ती ताईंच्या गळ्यात होती आणि तन्मयच्या कानात. त्यानंतर ताईंच्या गळ्यात गाठ झाली.

गाताना स्वर वर जातो किंवा खाली येतो, तो स्वरतंतूंच्या ताणामुळे. किती ताण द्यायचा हे मेंदू ठरवतो आणि बारीक नसांवाटे गळ्यातल्या स्नायूंना कळवतो. ताईंच्या गाठीने दोन्ही बाजूंच्या त्या नसा गिळल्या होत्या. गाठ काढायची तर नसाही जाणार, हे डॉक्टर शबाना मुजावरांनी शस्त्रक्रियेपूर्वी हातचे न राखता सांगितले होते. डॉक्टर मिरजेतच वाढलेल्या, सतारींच्या दुकानांच्या वर त्यांचे माहेर. शस्त्रक्रियेनंतर त्यांनीच ताईंच्या गळ्यात 'कंठसेतू' बसवला. केसाहून बारीक तारा, तांदळाएवढे एक यंत्र, आणि गळसरीसारखा दिसणारा एक पट्टा. नसांनी जो निरोप न्यायचा तो हे यंत्र नेत असे.

बोलण्यापुरते त्याला कुणाची मदत लागत नसे. जबड्याच्या हालचालीवरून ते वाक्याचा अंदाज बांधे आणि उठाव आपल्या मनाने देई. त्यामुळे ताईंचे बोलणे कमालीचे नम्र आणि सपाट झाले होते. त्यांचे यजमान विनायकराव रेल्वेतून निवृत्त झालेले, ते म्हणत, "अगं, तू चहा मागितलास की मला वाटतं, कोयना एक्सप्रेस दोन नंबरवर येतेय."

"गाडी वेळेवर आहे," ताई त्याच नम्र, सपाट आवाजात उत्तर देत. "चहा उशिरा धावतो आहे."

गाण्याची गोष्ट मात्र निराळी होती. पुढचा स्वर कोणता आणि त्याच्याकडे कसे जायचे, याचा अंदाज यंत्राला करता येत नव्हता. त्याला ते आधी लिहून द्यावे लागे. श्वास ताईंचा, ओठ आणि जीभ ताईंची, कोणत्या स्वरावर किती वेळ राहायचे तेही त्यांच्या श्वासाच्या दाबावर. फक्त स्वराची उंची कागदावरून येई. आणि तो कागद तन्मय लिहीत असे, कारण तन्मयचा पोटापाण्याचा उद्योगच तो होता. 'स्वरपट' नावाच्या सॉफ्टवेअरवर तो संगीत परीक्षांच्या पुस्तकांची स्वरलिपी जुळवून देई.

"ताई, जोगियासुद्धा लिहायचा?" त्याने पहिल्या दिवशी विचारले होते.

"गळाच कागदावरून चालणार असेल, तर कागदाला सोवळं कसलं," ताई म्हणाल्या. "लिही."

आपल्या स्वरलिपीत मींडेची खूण साधी असते. दोन स्वरांच्या डोक्यावरून एक कमान काढायची. तीच कमान स्वरांच्या खालून काढली तर अर्थ बदलतो. मग ती फक्त सांगते, की एवढे स्वर एका मात्रेत बसवा. वरची कमान गळ्यासाठी, खालची तालासाठी. छापील पुस्तकात वरची कमान उंच आहे की बसकी, याला काही महत्त्व नसे. ती एवढेच म्हणे, की इथून तिथे जोडून जा. कसे जा, ते गुरूला विचारा.

कंठसेतू आल्यावर हे उलटले. यंत्राला विचारायला गुरू नव्हता. त्याच्यापाशी कमानीचा आकारच होता. स्वरपटातल्या कमानीला दोन टोके असत आणि तिला ताणून धरणाऱ्या दोन खुंट्या. टोके सरकवली की मींड कधी सुटते आणि कधी टेकते ते बदले. खुंट्या ओढल्या की मधली वाट बदले. पोट पुढे काढले तर स्वर रेंगाळून मग घसरे, मागे घेतले तर आधी घसरून मग रेंगाळे. पूर्वी जे पान सुबक दिसावे म्हणून करायचे, तेच आता गाणे झाले होते. जो शिष्य गुरूच्या पायाशी बसायचा, तो गुरूच्याच गळ्यात जाऊन बसला होता, आणि या जागी आपण आहोत याची तन्मयला सतत लाज वाटे.

डॉक्टर मुजावरांनी एक इशारा दिला होता. "ताई, तुमच्या मेंदूला दोन गोष्टी कळतात. तुम्हाला काय गायचं होतं, आणि कानावर काय पडलं. दोन्हींत फरक पडला की तो आधी भांडेल. मग दमेल. आणि मग म्हणायला लागेल, की जे ऐकू येतंय तेच मला गायचं होतं. म्हणून चुकीचं फार वेळ गाऊ नका."

"मी चुकीचं गात नाही," ताई म्हणाल्या.

"आता गाल. आता गळा तुमचा कुठे आहे? या पोराचा आहे." आणि त्या मोठ्याने हसल्या. तन्मय पट्ट्याची तार गुंडाळत राहिला.

*

सकाळी तो मागच्या खोलीत संगणकाचा पडदा मांडून बसे. त्याने आठवणीतून कमान काढली होती: डावे टोक षड्जाच्या अगदी डोक्यावर, पोट उशिरा, उजवे टोक धैवतापाशी आल्यावर जवळजवळ आडवे. तो ती पट्ट्याकडे पाठवी. ताई डोळे मिटत, श्वास घेत. षड्ज लागे, आणि त्या क्षणी दरवेळी तन्मयच्या अंगावर काटा येई, कारण तो ताईंचाच आवाज असे. मग मींड उतरे.

"अहं," ताई म्हणत.

एवढेच. त्या घराण्यात चूक शब्दांनी दाखवत नसत. ताईंच्या गुरूंनी त्यांना कधी सांगितले नव्हते, की इथे उतरलीस, तिथे चढलीस. नुसते 'अहं' म्हणायचे आणि पुन्हा ऐकवायचे. शब्दांत सांगितलेली चूक माणूस शब्दांतच सुधारतो, गळा तसाच राहतो, असे ते मानत. आणि शिष्याने 'काय चुकले' म्हणून विचारायचे नाही, पुन्हा म्हणायचे. ही पद्धत गळ्यावरून गळ्यावर जाणाऱ्या विद्येसाठी घडलेली होती. समोर पडदा आणि माउस घेऊन बसलेल्या शिष्याला ती कशी पुरी पडावी, हा प्रश्न दोघांपैकी कुणालाच सुचला नाही.

तन्मय पोट थोडे मागे घेई. "अहं." पुढे काढी. "अहं." उजवे टोक उचली, खाली आणी. ताई थकून पाणी मागत. विनायकराव दारातून डोकावून म्हणत, "मला तर सगळ्या सारख्याच ऐकू आल्या बुवा. पण छान आल्या."

"तुम्हाला भोंगा आणि भैरवी सारखीच ऐकू येते," ताई म्हणत.

"ते लग्नाआधी सांगितलं होतं मी."

तन्मयलाही काहीतरी ऐकू येत होते. मींड सुटण्यापूर्वी, त्या लांब षड्जाच्या शेवटाला, काहीतरी गळ्यात दाटून आल्यासारखे होई. इतके सूक्ष्म, की त्याला स्वर म्हणता येऊ नये. एखाद्याने बोलता बोलता आवंढा गिळावा तसे. पूर्वीच्या जोगियात ते नव्हते. पण ते त्याच्या कमानीतही नव्हते. पडद्यावर कमान षड्जापासून सरळ खाली उतरत होती. म्हणजे ते ताईंच्या श्वासातून येत असणार. गळा गेलेल्या बाईचे दुःख असणार ते. एवढी वर्षे ज्यांनी गाण्यात रडू येऊ दिले नाही, त्यांच्याकडून आता ते निसटत असेल, तर ते दुरुस्त करणारे आपण कोण? त्या दुःखाकडे बोट दाखवायची कल्पनाही त्याला असभ्य वाटली. तो मान खाली घालून उजवे टोक सरकवत राहिला.

ताईंनाही ते ऐकू येत होते. त्यांनाही वाटत होते, की आपलाच श्वास दगा देतो आहे, आपण म्हातारपणी रडायला लागलो आहोत. ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. शिष्याला तर नाहीच.

असे किती सकाळी चालले, याची दोघांनीही मोजदाद ठेवली नाही. पावसाळा सरून थंडी पडू लागली होती. आणि 'अहं'चा स्वर, यंत्राने दिलेला तो एकसुरी नम्र स्वर, तसाच राहिला तरी मधले अंतर वाढत चालले होते. ताई आधी मींड संपायच्या आत म्हणत. आता संपल्यावर क्षणभर थांबून म्हणत.

*

कोल्हापूरहून मैफलीचे बोलावणे आले तेव्हा तन्मयला वाटले, ताई नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "जोगिया गाईन."

"ताई, पण रीत…"

"लिहिला तेव्हाच मोडली. अर्धी मोडून काय मिळवायचं? आणि मींड जमत नाही ती मला कळते, लोकांना नाही कळत. निदान राग तरी लोकांच्या कानी पडू दे."

सभागृह भल्या सकाळीही भरले होते. ताई तंबोऱ्यांच्या मध्ये बसल्या, पट्ट्यावरून शाल घेतली. तन्मय मागे, मांडीवर पडदा घेऊन. षड्ज लागला आणि सभागृहातले खोकणे-कुजबुजणे थांबले. ताई त्या स्वरावर थांबल्या, थांबल्या; मग तो आवंढा आला, आणि मींड उतरली.

पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी चष्मा काढला. मागे कुठेतरी कुणीतरी उघडपणे रडू लागले. ताईंनी ती जागा पुन्हा घेतली, मग पुन्हा, आणि दरवेळी सभागृहातून एक दबलेला उसासा येत राहिला. एवढी दाद ताईंना गळा असताना कधी मिळाली नव्हती. त्यांची ख्याती करड्या गायकीची होती. लोक त्यांना मानत, रडत नसत.

आठवड्याभरात ती जागा सगळ्यांच्या कानांवर गेली. 'रेवतीबाईंचा हुंदका' असे तिला नाव पडले. शिकाऊ मुली ती घेऊ लागल्या. स्वरपटाच्या नव्या आवृत्तीत कमानींचे तयार नमुने असत, त्यांत एकाचे नाव 'रेवती' असे आले. कोल्हापूरच्या ध्वनिमुद्रणावरून सॉफ्टवेअरने तो काढला होता. विनायकरावांनी ते शेजारीपाजारी सांगितले आणि पेढे वाटले.

"काय रे, खूश नाहीस?" त्यांनी तन्मयला पेढा देत विचारले. "तुझ्यामुळे घरात पुन्हा आवाज आला, बाबा. मला त्यातलं कळत नाही. पण सकाळी ती गायला लागली की मी दाढी थांबवतो."

तन्मयने पेढा घेतला. त्याला कारण सांगता आले नसते. परवाच ताईंनी ती मींड घेतली होती आणि नंतर काही म्हटले नव्हते. पुढची ओळ गायला लागल्या होत्या.

*

तपासणीच्या दिवशी ताई आतल्या खोलीत पट्टा बदलून घेत होत्या, आणि डॉक्टर मुजावर बाहेर यंत्राची नोंद चाळत होत्या. गळ्यातले यंत्र गाण्याचा आलेख ठेवत असे. एक निळी रेघ, स्वर जसा वरखाली झाला तशी.

"हीच का ती प्रसिद्ध जागा?" त्यांनी विचारले. "मी ऐकली. अम्मीला ऐकवली, ती जेवली नाही त्या दिवशी. एक सांग, इथे षड्जावरून खाली यायचंय ना?"

"हो."

"मग हा उंचवटा कसला?"

रेघ सपाट जात होती, आणि खाली उतरण्यापूर्वी किंचित वर उचललेली होती. अगदी किंचित. उंबऱ्यावर पाय उचलावा तशी.

"तो ताईंचा श्वास आहे," तन्मय म्हणाला. मग हळू आवाजात, "त्यांचं दुःख आहे ते."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिले. "श्वासानं आवाज मोठा होतो, बारीक होतो. पण इथे, एवढ्या मापाचा, दरवेळी तोच? अरे, दुःख रोज एकाच मापाचं येतं होय? ही बघ कालची, ही परवाची, ही कोल्हापूरची. एकावर एक ठेव. एकच रेघ आहे. हे वरून आलंय. तू पाठवलंयस."

"मी नाही पाठवलं."

"मग शोध, कुणी पाठवलं ते. आणि माझ्याकडे असं बघू नकोस. तुम्ही दोघं रोज समोरासमोर बसता, एकमेकांना विचारत का नाही? आमच्याकडे पेशंट 'दुखतंय' म्हणाला तर आम्ही 'कुठे' असं विचारतो."

त्याला शोधायला फार वेळ लागला नाही. पडद्यावर कमान त्याने काढली तशीच दिसत होती. पण पट्ट्याकडे पाठवताना स्वरपट पान छपाईसाठी सिद्ध करावे तसे सिद्ध करी, आणि त्या वेळी एक जुना नियम लागू होई: चिन्हांची टक्कर टाळा. वरच्या सप्तकातल्या स्वराच्या डोक्यावर एक बिंदू देतात, तो वरचा आहे हे कळावे म्हणून. तन्मयच्या कमानीचे डावे टोक षड्जाच्या डोक्यावर, नेमके त्या बिंदूवर टेकत होते. बिंदू झाकला जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर टोक जरासे डावीकडे सरकवी आणि कमान बिंदूवरून अलगद उचलून पलीकडे नेई. पान सुबक दिसे. आणि गळा ते उचलणे गाई.

त्या नियमापुढची बरोबरची खूण त्याने स्वतःच लावली होती, ताईंच्या आजाराच्या कितीतरी आधी, पुस्तके जुळवताना. तेव्हा त्याला ती वरदान वाटली होती. पानापानावर कमानी हाताने सरकवायचे कष्ट वाचले होते. नंतर ती आहे हेही तो विसरला होता.

कोल्हापूरच्या सभागृहात चष्मा काढणारे गृहस्थ त्याला आठवले. अम्मी जेवल्या नव्हत्या. ज्याच्यापुढे त्याने इतके महिने आदराने मान खाली घातली होती, ते एका टिंबाला धक्का लागू नये म्हणून घेतलेले वळण होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती खूण काढून टाकली आणि कमान पाठवली. ताईंना काही सांगितले नाही. त्याला वाटत होते, सांगायची गरजच पडणार नाही. मींड उतरेल आणि ताई डोळे उघडतील. खोलीत कोवळे ऊन आले होते. ताईंनी श्वास घेतला.

षड्ज लागला. लांबला. आणि मग, कुठेही न उचलता, स्वर सुटला. निषादाच्या दारावरून गेला, धैवतापाशी मंदावला, टेकला.

"अहं," ताई म्हणाल्या.

तन्मयच्या हातातला माउस तसाच राहिला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या. त्यांनी पुन्हा घेतली. "अहं. आज काय केलंस? कोरडी आहे. कुणीतरी मोजून उतरवल्यासारखी."

चूक त्यांनी शब्दांत सांगितल्याचे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट उत्तर दिले.

"ताई, हीच खरी आहे."

आणि त्याने सगळे सांगितले. बिंदू, टक्कर, खूण, छपाईचे पान. ताई ऐकत होत्या, पट्ट्यावर बोटे ठेवून. बाहेर विनायकराव कुंड्यांना पाणी घालत होते.

"म्हणजे कोल्हापूरला जी रडली, ती मी नव्हते?" ताईंनी विचारले. यंत्राने त्या प्रश्नाला चौकशी खिडकीवरचा उठाव दिला.

"नाही, ताई."

"मला वाटत होतं, मीच. लाज वाटायची मला. मग एक दिवस वाटलं, एवढी वर्षं गुरूंच्या धाकानं जे दाबलं, ते आता येतंय तर येऊ दे. मी त्याच्याशी भांडण मिटवलं, तन्मय. आता तू म्हणतोस, ते माझं नव्हतंच."

"आधी नव्हतं. तुमच्या गळ्यात, या खोलीत, मी ऐकलंय. स्वर उचलायचा नाही. गुरुजी म्हणायचे ना, की…"

"गुरुजी काय म्हणायचे ते मला माहीत आहे. ते कसे गायचे, ते मला आठवत नाही." त्या हे इतक्या सौम्यपणे म्हणाल्या, की त्याला क्षणभर अर्थच कळला नाही. "काल प्रयत्न केला. परवाही केला. डोळे मिटले की गुरुजी तंबोरा घेऊन बसलेले दिसतात, तोंड उघडतात, आणि त्यांच्या तोंडून हुंदका येतो. त्यांच्या तोंडून! मला वाटलं, बरं झालं. म्हणजे ते पहिल्यापासून होतंच. मलाच ऐकू येत नव्हतं."

तन्मयने माउस खाली ठेवला.

"तू ऐकली आहेस ना?" ताई म्हणाल्या. "माझा गळा चांगला होता तेव्हा. मग आता तूच साक्षीदार. यंत्र नको, कागद नको. म्हण."

"मी, ताई?"

"दुसरं कोण आहे इथे? म्हण."

त्याने तंबोरा जवळ ओढला. तारांवरून बोटे फिरली. त्याने डोळे मिटले आणि ती सकाळ शोधली: थंड भिंत पाठीला लागलेली, ताईंची पांढरी साडी, त्यांची हनुवटी किंचित खाली. सगळे जागच्या जागी होते. त्याला ती मींड शब्दांत सांगता आली असती, आलेखावर काढून दाखवता आली असती, तिच्या टोकांचे आणि खुंट्यांचे आकडे तोंडपाठ होते. त्याने श्वास घेतला, षड्ज लावला, आणि त्यावर थांबला, थांबला. उचलायचे नाही, असे त्याने स्वतःला बजावले. मग स्वर सोडला.

तो उंचवटा आला. त्याने आणला नव्हता. पापणी लवावी तसा तो आपसूक आला, नेमका तेवढ्याच मापाचा, आणि मींड त्यावरून पलीकडे उतरली.

तंबोरा वाजत राहिला. दारात विनायकराव पाण्याची झारी हातात धरून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते.

"बघ," ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी समाधान होते. "तुलाही तशीच आठवते."

त्याला सांगायचे होते, की नाही, ही ती नव्हे. पण नव्हे म्हणायला ती कशी होती ते ऐकू यावे लागते, आणि आत, जिथे ती होती, तिथे आता हीच होती. पडद्यावरची कोरडी कमान अचूक होती, हे त्याला अजून माहीत होते. ते आता फक्त माहीतच होते. पडद्यावर दाखवता येईल असे. कुणाच्या कानाला पटेल असे नव्हे.

"लाव ती तुझी खूण परत," ताई म्हणाल्या. "आणि पुढची ओळ काढ. आजपासून तुला जोगिया देते."

त्याने पडद्याकडे वळून खूण लावली. पान सिद्ध झाले; कमान बिंदूवरून अलगद उचलली गेली. ताईंनी शाल सारखी केली, डोळे मिटले. विनायकराव झारी खाली ठेवून उंबऱ्यातच बसले.

षड्ज लागला. ताई त्यावर थांबल्या. तंबोऱ्याच्या तारा सावकाश झंकारत होत्या, आणि तन्मयला कळले, की आपण श्वास रोखून त्या उंचवट्याची वाट पाहत आहोत.